खाणे कमी, पोट मोठे: जाळीपोटाच्या ताणग्राहींचे देवगडमधील एक प्रकरण

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीतून निरोप आला, तेव्हा गाय पाहून मी कामाच्या वहीत ‘पोटफुगी, सौम्य’ एवढीच नोंद केली होती. गाय जर्सी संकर, वय सुमारे सहा वर्षे, तिसरे वेत, वजन अंदाजे २८० किलो. चैत्रात व्यालेली आणि दोन वेळचे मिळून आठ लिटर दूध देणारी ही गाय तीन आठवड्यांत अडीच लिटरवर आली होती. आंबोण निम्मे टाकत होती, पेंढ्याला तोंड लावून सोडून देत होती आणि तरीही तिचे पोट दिवसेंदिवस वाढत होते. गोठा सांभाळणाऱ्या काकींनी सगळी तक्रार एका वाक्यात मांडली: “डॉक्टरांनू, गाय खाणा नाय, मगे प्वाट कित्याक वाढता?” पुढच्या पंधरा दिवसांत मी जे काही केले ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच केले.

वाडीत या प्रश्नाची दोन उत्तरे तयार होती. पहिले असे की गाय गाभण आहे. आषाढात तिचे कृत्रिम रेतन झाले होते हे खरे, पण दीड-दोन महिन्यांचे गाभणपण पोटावर दिसत नाही. दुसरे उत्तर असे की पावसाळी कोवळे गवत जास्त झाले. त्यावर गोडेतेल पाजून झाले होते, पोटफुगीची पावडर देऊन झाली होती, आणि दोन्हींनी एखाद-दुसरा दिवस बरे वाटल्यासारखे झाले होते. मीही याच वाटेने गेलो. तोंडावाटे नळी घातली, थोडा वायू बाहेर आला. डाव्या भकाळीवर, म्हणजे कुशीतल्या खळग्यावर, स्टेथोस्कोप लावून ऐकले, दोन मिनिटांत एक अस्पष्ट आवाज आला, तेव्हा ‘कोटीपोटाची हालचाल मंद’ (कोटीपोट म्हणजे गाईच्या चार पोटांपैकी पहिले आणि सर्वांत मोठे) असे लिहून पाचक औषध देऊन परतलो. ही नोंद चुकीची होती. ती का चुकली, हे कळले तेव्हाच आजाराचे स्वरूपही कळले, म्हणून ती येथे जशीच्या तशी ठेवली आहे.

पाच दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा गाईला मागून पाहिले. डावी बाजू वरपासून खालपर्यंत भरलेली होती आणि उजवी बाजू फक्त खालच्या अंगाला सुटलेली होती. साध्या पोटफुगीत डावी भकाळी वर येते, उजवी बाजू तिला अशी साथ देत नाही. गुदमार्गे हात घालून पाहिले, तेव्हा कोटीपोटाची खालची पिशवी ओटीपोटातून उजवीकडे वळलेली लागली, आणि गर्भाशय रिकामे होते. नाडी मिनिटाला ४८. तापमान १०१.४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे नेहमीचे. शेण अगदी थोडे, चिकट आणि काळपट. ते काकींकडून तांदूळ चाळायची जुनी चाळण घेऊन पाण्याखाली धुतले, तर चाळणीत पेंढ्याचे लांब, न कुटलेले तंतू उरले. निरोगी गाईच्या शेणात इतके लांब तंतू सापडत नाहीत, कारण ते रवंथ होऊन बारीक झाल्याशिवाय जाळीपोटातून, म्हणजे दुसऱ्या पोटातून, पुढे सुटतच नाहीत.

यानंतर स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि डाव्या भकाळीत मूठ दाबून घड्याळ लावून उभा राहिलो. एका मिनिटात चार लाटा हाताखालून गेल्या. दुसऱ्या मिनिटात पुन्हा चार. पाच दिवसांपूर्वी ज्या पोटाला मी मंद म्हटले होते ते नेहमीच्या कितीतरी पट वेगाने हलत होते. कानाला ते ऐकू येत नव्हते, कारण आतला ऐवज घुसळून घुसळून एकजीव, फेसाळ झाला होता, आणि अशा ऐवजात खरखरीत पेंढा सरकण्याचा तो ओळखीचा गडगडाट उठत नाही.

आता पोट जोरात हलते आहे, तोंडाकडून जाणारा मार्ग मोकळा आहे, गाय फार खात नाही, तरीही ऐवज साचतो आहे आणि पुढे जातो आहे तो न कुटलेला. या चारही गोष्टी एकत्र समजून घ्यायच्या तर रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट हलते कशाने, तेथपर्यंत जावे लागते.

हृदयाचा ठेका हृदयातच असतो. मेंदूशी त्याचा संबंध तुटला तरी ते धडधडत राहते. कोटीपोट आणि जाळीपोट यांचे तसे नाही. त्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना स्वतःचा असा उपयोगी पडणारा ठेका नसतो. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारे दोन्ही बाजूंचे व्हेगस मज्जातंतू कापले, तर या दोन्ही पोटांची क्रमबद्ध हालचाल थांबते. हालचालीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून निघतो, आणि विशेष हे की तेथील केंद्रेही आपल्या मनाने हुकूम देत नाहीत. पोटाच्या भिंतीवरून, तोंडातून आणि पुढच्या पोटांतून ज्या वर्द्या येतात, त्यांच्या बेरीज-वजाबाकीवर ती चालतात. पोटातून मेंदूकडे वर्दी नेणारे तंतू व्हेगसमध्ये मेंदूकडून पोटाकडे हुकूम आणणाऱ्या तंतूंपेक्षा कितीतरी जास्त असतात. व्हेगस म्हटले की आपण हुकूम आणणारी तार डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात ती मुख्यतः खबर नेणारी तार आहे.

या खबरांपैकी सर्वांत महत्त्वाची खबर ताणाची. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एन्स्ली इग्गो यांनी १९५० च्या दशकात व्हेगसमधील एकेक तंतू वेगळा करून त्यातील विद्युत्स्पंद मोजले, आणि लीक यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांमध्ये हे काम पुढे नेले. त्यांतून जाळीपोट व कोटीपोट यांच्या स्नायुथरात बसलेले ताणग्राही, म्हणजे ताण टिपणारी मज्जातंतूंची टोके, नीट ओळखीचे झाले. हे ग्राही स्नायुतंतूंच्या रांगेतच ओवलेले असतात, स्नायूच्या शेजारी समांतर नव्हे. या फरकाचा परिणाम मोठा आहे. बंदरात नांगरलेल्या होडीचा दोर घ्या. भरतीच्या पाण्याने होडी ओढली तरी दोर ताठ होतो, आणि तांडेलाने वरून दोर खेचला तरी तो तसाच ताठ होतो. दोरात बसवलेल्या काट्याला ओढणारा कोण हे कळत नाही, ताण किती एवढेच कळते. ताणग्राहींचेही असेच आहे. पोट चाऱ्याने किंवा वायूने भरून भिंत ताणली गेली तरी ते स्पंद पाठवतात, आणि भिंतीचा स्नायू आपणहून आकसला तरी पाठवतात. ताण टिकला तर स्पंदही टिकतात, ते लवकर थकत नाहीत. म्हणून पोट किती भरले आहे आणि दिलेला हुकूम भिंतीने पाळला का, या दोन्ही गोष्टी मेंदूला एकाच तारेवरून समजतात.

या ग्राहींत दोन वृत्ती आहेत. काही थोड्याशा ताणाला जागे होतात, आणि त्यांच्या वर्दीने हालचाल वाढते: जाळीपोटाचे आकुंचन जोरकस होते आणि त्याचा फेरा लवकर येतो. काही मात्र ताण फार झाल्यावरच जागे होतात, आणि त्यांच्या वर्दीने हालचाल दबते. बेताने भरलेले पोट चांगले हलते, पण टम्म फुगलेले पोट ठप्प होते, हे गोठ्यात नेहमी दिसणारे वास्तव याच दोन वृत्तींतून येते. आतल्या अस्तरात आणखी एक जात असते. ती क्षणभर स्पंद देऊन गप्प होते, खरखरीत चाऱ्याच्या घासण्याला आणि आम्लाला प्रतिसाद देते. पेंढ्याने रवंथ सुरू होते आणि तांदळाच्या पेजेने होत नाही, याचे कारण या अस्तरातल्या ग्राहींत आहे. तांदूळ-भात भरपूर खाऊन पोट आंबले की हालचाल बसते, त्यातही त्यांचा हात असतो. या गाईच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता, कारण नळीने काढलेल्या रसाचा सामू ७ च्या आसपास होता.

आता मुख्य मुद्दा जागेचा. ताणग्राही सगळ्या भिंतीवर सारखे पसरलेले नसतात. जाळीपोटाच्या आतल्या, म्हणजे मध्यरेषेकडच्या भिंतीत, अन्ननलिकेच्या खोबणीच्या आसपास आणि कोटीपोटाच्या पुढच्या पिशवीत ते सर्वांत दाट असतात. शांत उभ्या गाईत साधारण मिनिटाला एकदा जाळीपोट दोन टप्प्यांत आकसते. दुसऱ्या टप्प्याच्या ऐन भरात जाळीपोट आणि पडदेपोट (तिसरे पोट) यांच्यामधले दार उघडते आणि बारीक झालेला ऐवज पुढे जातो. मग कोटीपोटाची वरची आणि खालची पिशवी क्रमाने हलते. हा सारा क्रम जुळतो तो जाळीपोटाच्या वर्दीवर. दर दोन-एक मिनिटांनी कोटीपोटाच्या मागच्या टोकापासून उलट दिशेने एक वेगळी लाट येते आणि ढेकर निघतो.

स्वीडनमधील स्वेन होफलुंड यांनी १९४० मध्ये गुरांच्या व्हेगसच्या वेगवेगळ्या शाखा कापून दाखवले, की कोणती शाखा तुटली यावर पोटाच्या बिघाडाचे रूप ठरते. तेव्हापासून या आजाराला ‘व्हेगस-अपचन’ म्हणतात आणि होफलुंड यांचे नावही त्याला जोडले जाते. कामात हे नाव सोयीचे आहे, पण मला ते दिशाभूल करणारे वाटते. प्रत्यक्ष गोठ्यात अशा गाईची नस कापलेली क्वचितच असते. बहुतेकदा नस शाबूत असते आणि नसेला खबर पुरवणारी भिंत आजारी असते.

दुसऱ्या भेटीत मी दोन चाचण्या केल्या. व्हेगसचा परिणाम रोखणारे ॲट्रोपिन ३० मिलिग्रॅम कातडीखाली दिले, पंधरा मिनिटांत नाडी ४८ वरून ६४ वर गेली. १६ टक्क्यांहून अधिक वाढ व्हेगसच्या दाबाची खूण मानतात, येथे ती ३३ टक्के होती. मात्र या चाचणीवर मी फार भर देत नाही. उपाशी गाईची नाडी एरवीही मंद होते आणि ॲट्रोपिनने वाढते. दुसरी चाचणी अधिक कामाची ठरली. कोटीपोटातला रस गाळून तालुक्याच्या गावी माणसांच्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नेला आणि त्यातील क्लोराइड मोजून मागितले. तेथील तंत्रज्ञाने बाटली दोनदा हुंगून पाहिली, पण मोजले. आकडा २२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर आला. ३० च्या आत म्हणजे चौथ्या पोटातले आम्ल मागे येत नव्हते. अडथळा चौथ्या पोटाच्या पुढे असता, तर क्लोराइड वाढलेले दिसले असते. तेव्हा अडचण जाळीपोट आणि पडदेपोट यांच्यामधल्या दारापाशी होती.

सोनोग्राफीची सोय नव्हती. पोट उघडल्यावाचून निदान पुढे जात नव्हते, आणि अशा गाईंत शस्त्रक्रियेचे यश बेभरवशाचे असते, हे मी काकींना आणि गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितले. मुलाला खर्च पटत नव्हता. काकींना पटत होता. हरतालिकेच्या आदल्या दिवशी, पावसाने दोन तास उघडीप दिली तेव्हा, खळ्यात गाय उभी बांधून, डाव्या कुशीत लिग्नोकेनने बधिरता आणून एका सहकारी पशुवैद्याबरोबर कोटीपोट उघडले. सुमारे ६० लिटर फेसाळ ऐवज बादल्यांनी गायरीत, म्हणजे शेणाच्या खड्ड्यात, गेला. प्लास्टिकचा एक लहानसा गोळा निघाला, पण तो वाट अडवण्याएवढा नव्हता.

हात पुढे जाळीपोटात घातला. प्रथम दार शोधले. ते अडलेले नव्हते, तीन बोटे सहज आत गेली. दाराची कड सैल होती, बोटांवर आवळत नव्हती. दार उघडे असून ऐवज जात नव्हता, म्हणजे ढकलणाऱ्या भिंतीकडे पाहणे भाग होते. दारापासून चार बोटांवर, जाळीपोटाच्या मध्यरेषेकडच्या भिंतीत सोललेल्या नारळाएवढी एक टणक गाठ लागली. भिंत तिच्यावर घट्ट चिकटलेली होती, चिमटीत धरून हलवता येत नव्हती. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीची घडी इतरत्र बोटाखाली मऊ लागत होती, येथे ती ताणलेल्या चामड्यासारखी सपाट झाली होती. त्या सपाटीच्या कडेला बोट फिरवताना तारेचे टोक टोचले. साधारण सहा सेंटिमीटरची, गंजलेली, सळया बांधायची तार बाहेर आली. काकींना लगेच आठवले. मे महिन्यात घराचा स्लॅब ओतला तेव्हा पेंढ्याची उडवी त्याच अंगणात होती. गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून गिळते. जड वस्तू जाळीपोटाच्या तळाशी बसते आणि मिनिटाला एकदा आकसणारी भिंत तिला हळूहळू स्वतःतच रुतवून घेते.

गाठीत नळी जोडलेली लांब सुई घालून आधी पू ओढून पाहिला, कारण चिकटलेल्या गाठीऐवजी मोकळी रक्तवाहिनी किंवा यकृत कापले गेले तर गाय तेथेच संपते. पू आल्यावर पाते तळहातात झाकून नेले आणि गाठ जाळीपोटाच्या आतूनच फोडली. भिंत गाठीला चिकटलेली असल्यामुळे सगळा पू जाळीपोटात उतरला, उदरपोकळीत सांडला नाही. शेजारच्या गोठ्यातील निरोगी बैलाच्या कोटीपोटातून नळीने काढलेला पाचेक लिटर रस आत सोडला, जाळीपोटात एक चुंबक ठेवले आणि पोट शिवले. पुढे दहा दिवस पेनिसिलिन चालू ठेवले, आणि औषधाचा अंश जाईपर्यंत दूध घरात वापरू नये असे सांगितले. सणाच्या घरात हे पाळणे सोपे नव्हते, पण ते पाळले गेले.

आता काकींच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. गाठीने नेमकी ती भिंत जखडली, जिच्यात ताणग्राही सर्वांत दाट असतात. रांगेत ओवलेल्या ग्राहीला वर्दी द्यायची तर भिंत ताणली जायला हवी. भिंत गाठीला चिकटून पाट्यासारखी झाली, तर आत कितीही ऐवज असला तरी तिच्यातल्या ग्राहींपर्यंत ताण पोहोचत नाही. तिकडे कोटीपोटाची भिंत मोकळी होती, तिचे ग्राही ‘भरले आहे, हलवा’ अशी वर्दी देत राहिले, आणि केंद्राने हुकूम दिले. म्हणून मिनिटाला चार लाटा. पण जाळीपोटाच्या जोरकस आकुंचनावाचून त्या लाटांना क्रम नव्हता. ऐवज दाराकडे जाण्याऐवजी आतल्या आत घुसळला जात होता आणि घुसळून फेसाळ होत होता. फेसाने ढेकरही अडतो, कारण अन्ननलिकेच्या तोंडाशी वायूऐवजी द्रव किंवा फेस आला की ते तोंड उघडत नाही. बारीक झालेले तेवढेच निवडून पुढे सोडण्याचे काम बंद पडल्यामुळे लांब तंतू तसेच शेणात आले. आणखी आठवडाभर असेच चालले असते तर ताण उशिरा जागे होणाऱ्या ग्राहींपर्यंत गेला असता आणि पोट पूर्ण थांबले असते. पुस्तकांत या आजाराच्या गाईंचे ‘अतिहालचालीचा’ आणि ‘निश्चल’ असे दोन प्रकार दिलेले असतात. ते मला एकाच वाटेवरचे दोन टप्पे वाटतात, ताणग्राहींच्या दोन वृत्तींनी आखून दिलेले.

व्हेगसची शाखा गाठीखाली चिरडून मेली होती, असेही कोणी म्हणेल. माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण पुढच्या दिवसांच्या नोंदींत आहे. तिसऱ्या दिवशी लाटा मिनिटाला दोनवर आल्या. पाचव्या दिवशी भकाळीत मूठ ठेवून उभा राहिलो, तर सव्वा मिनिटात एक लाट आली, पण अशी की मूठ बाहेर फेकली गेली. त्याच दिवशी दुपारी गाय बसून रवंथ करताना दिसली. नवव्या दिवशी चाळणीत उरलेले तंतू बोटाच्या पेराहून आखूड झाले होते. मेलेली नस पुन्हा वाढलीच तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते. छातीपासून जाळीपोटापर्यंतच काय, गाठीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतही ती पाच दिवसांत पोहोचू शकली नसती. तेव्हा नस जिवंत होती, तिचे टोकही जागेवर होते. पू निघाल्याने भिंतीवरचा दाब आणि सूज उतरली, भिंत पुन्हा ताण घेऊ लागली, आणि थांबलेली वर्दी सुरू झाली.

नाडी मात्र लाटांबरोबर सुधारली नाही. दहाव्या दिवशीही ती ५२ होती आणि ६० वर यायला तीन आठवडे लागले. सुरुवातीला मला हे माझ्या मांडणीविरुद्ध वाटले. पण गाईचे खाणेही त्याच गतीने वाढत होते. आंबोण पूर्ण संपवायला तिने तीन आठवडेच घेतले. मंद नाडीचा मोठा भाग कमी खाण्याचा होता, आणि ॲट्रोपिनच्या आकड्यावर भर न देण्याचा निर्णय योग्यच होता असे मी मानतो.

कार्तिकात शेवटची तपासणी केली. दूध साडेपाच लिटर, लाटा मिनिटाला एक, ढेकर नियमित, गाय पुन्हा माजावर येऊन गेलेली. डाव्या खालच्या अंगाला पोट थोडे भरल्यासारखे अजून दिसते. भिंतीचा तेवढा तुकडा चिकटलेलाच राहिला असणार. उडवी अंगणातून हलवून परड्यात नेली आहे. चाळण काकींनी गोठ्यातच ठेवली आहे, आणि शेण धुऊन पाहण्याचे काम त्या दर सोमवारी करतात.